दोष कुणाचा?

आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांच्या मेंदूत ग्लिओब्लास्टोमाची गाठ निघाली. भेटायला आलेल्या प्रत्येकाकडे कारण तयार होते. कुणी म्हणाले नजर लागली, कुणी म्हणाले मोबाईल, कुणी तर चाचींनाच बोल लावला. एके दिवशी चाचींनी मला विचारले, "बेटा, माझंच काही चुकलं का?"

मी भाषेचा शिक्षक, डॉक्टर नव्हे. पण त्या प्रश्नासाठी वाचावे लागले.

मेंदूत ग्लिया नावाच्या आधारपेशी असतात. हा कर्करोग त्या प्रकारच्या पेशींचा. पेशीने कधी वाढायचे, कधी थांबायचे, हे जनुके ठरवतात. त्यांत एकामागून एक चुका साचतात. अनेक रुग्णांत ईजीएफआर या जनुकाच्या प्रती वाढतात आणि 'वाढा' हा हुकूम थांबतच नाही. पीटेनसारखे आवर घालणारे जनुक निकामी होते. गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करवून घेते, शरीराच्या रक्षक पेशींनाही आपल्या कामाला जुंपते. तिच्या पेशी मेंदूच्या चेतापेशींशी जोडल्या जाऊन त्यांच्याच संदेशांवर वाढतात, हे 2019 मध्ये संशोधकांनी दाखवले.

या गाठीला स्पष्ट कड नसते. तिच्या पेशी निरोगी मेंदूत दूरवर शिरलेल्या असतात. 1928 साली अमेरिकेतील सर्जन वॉल्टर डँडी यांनी अशा गाठींसाठी मेंदूचा उजवा अर्धगोल काढून पाहिला, तरी आजार परतला. 2005 च्या एका मोठ्या अभ्यासात रेडिएशनला टेमोझोलोमाइडच्या गोळ्यांची जोड दिल्यावर निम्मे रुग्ण जगण्याचा काळ 12.1 महिन्यांवरून 14.6 महिन्यांवर गेला. दोन वर्षांनंतर हयात असलेले रुग्ण मात्र शंभरात दहावरून सव्वीस झाले.

बहुतेक रुग्णांत बाहेरचे कोणतेही ठोस कारण सापडत नाही. म्हणून मी चाचींना सांगितले, "नाही, तुमची काहीच चूक नाही." त्या खूप वेळ रडल्या.

चाचांना मात्र घरच्यांनी शेवटपर्यंत आजाराचे नाव सांगितले नाही. पुढे त्यांचे शब्दच हरवले. कुणाचे देणे फेडायचे होते, कुणाची माफी मागायची होती, ते मनातच राहिले.

दवा करा, दुआही करा. पण हातात महिने असताना ते गुन्हेगार शोधण्यात आणि सत्य लपवण्यात घालवू नका. रुग्णाला ऐकायची तयारी असेल, तर त्याच्या भाषेत, त्याच्याजवळ शब्द आहेत तोवर सांगा. तो त्याचा हक्क आहे.