मित्रराष्ट्रांचे भांडण

इराकयुद्धाच्या तोंडावर, २००३ च्या प्रारंभी, फ्रान्स व जर्मनी अमेरिकेला आडवे आले, याचे कौतुक आपल्या अभ्यासवर्गांत अद्याप चालते. रम्सफेल्ड यांनी त्यांना ‘जुना युरोप’ म्हणून हिणवले, तेव्हा तर काही साथींना पॅरिस हे शांततेचे माहेरघरच वाटू लागले! पण भांडण कशाचे होते? मजनून व नहर उमर या तेलक्षेत्रांसाठी सद्दामशी वाटाघाटी करीत होती ती फ्रेंच कंपनीच. जर्मनीने आपल्या भूमीवरील अमेरिकी तळ व आपले आकाश अमेरिकेला खुलेच ठेवले. पुढे २२ मे रोजी, इराकी तेलाच्या उत्पन्नाचा विनियोग ताबा घेणाऱ्या सत्तांच्या हाती सोपविणारा १४८३ क्रमांकाचा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा या दोघांनीही निमूटपणे हात वर केले.

खरा अडसर पडला तो अंकाऱ्यात. अब्जावधी डॉलरच्या मदतीचे आमिष समोर असतानाही, अमेरिकी सैन्याला वाट देण्याचा प्रस्ताव १ मार्च रोजी तुर्की संसदेत अडला. बाजूने २६४, विरुद्ध २५०, तटस्थ १९; आवश्यक बहुमताला तीन मते कमी पडली. सभागृहात मतमोजणी चालू होती, त्या दिवशी बाहेर अंकाऱ्याच्या रस्त्यांवर हजारो निदर्शक उभे होते. आमच्या अभ्यासवर्गांत त्यांचा उल्लेख मी अजून ऐकलेला नाही.