दोष शोधणे आणि दोष देणे

वार्षिक अंकासाठी कॉफीच्या यंत्रावर लेख लिहितो आहे असे सांगताच आमच्या वर्गातील एका मित्राने विचारले, "अरे, हे कला महाविद्यालय आहे की आय.टी.आय.?" प्रश्न रास्त आहे. कवितेवर लिहावे, ग्रामीण कथेवर लिहावे, फार तर सहलीचे वर्णन करावे, हा आपल्या अंकाचा रिवाज. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरातील एका यंत्राने मला जो धडा दिला तो तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात कुठेच आला नव्हता, म्हणून हे धाडस करीत आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

हकीकत अशी. माझ्या वडिलांची नोकरी पूर्वी काही वर्षे बेळगावला होती. तिथे त्यांना कॉफीची जी गोडी लागली ती कायमची. आमच्या घरी स्टीलचा दुमजली फिल्टर होता. वरच्या भांड्यात पूड, तिच्यावर उकळते पाणी आणि खालच्या भांड्यात थेंबाथेंबाने उतरणारा अर्क. भोके बुजली की आई ते वरचे भांडे गॅसच्या ज्योतीवर धरी. अडकलेली पूड जळून जाई, मग घासून धुतले की काम झाले. अर्क उतरता उतरता अडला तर भांड्याला बाजूने दोन टिचक्या मारी. वीस वर्षे हे असे चालले. त्या वीस वर्षांत "तुला यातलं काय कळतं?" असे तिला कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी ताईला पुण्यात नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून तिने बाबांसाठी विजेवर चालणारे कॉफीचे यंत्र आणले. मागे पाण्याची टाकी, पुढे कागदी गाळणी ठेवण्याची टोपली, खाली काचेचे भांडे आणि ते गरम ठेवणारी तबकडी. बटण दाबले की काम सुरू. दिवाळीत आल्यागेल्याला ते दाखविण्यात आमचे चार दिवस मजेत गेले.

पाचव्या दिवशी टोपलीतून कॉफी उतू गेली आणि ओट्यावर काळा लोंढा आला. बाबा म्हणाले, "पूड जास्त घातलीस." आईने पूड कमी केली. मग कॉफी पांचट झाली, तेव्हा बाबा म्हणाले, "आता कमी घातलीस." असे सात-आठ महिने गेले. पुढे यंत्र मंदावले. सहा कप कॉफी उतरायला पूर्वी दहा मिनिटे लागत, तिथे पंचवीस लागू लागली. यंत्र घरघरे, वाफा सोडी आणि टाकीत निम्मे पाणी शिल्लक असतानाच थांबे. बाबांनी निकाल दिला, "हिने मोडलं." मी तेव्हा पुस्तकात डोके घालून बसलो होतो. मी वर न पाहताच म्हणालो, "आईला मशीन झेपत नाही." हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

यंत्र दुरुस्तीच्या दुकानात नेले. तेथील गृहस्थाने ते उघडलेसुद्धा नाही. बटण दाबून पाहिले, कानाशी धरले आणि म्हणाला, "मोटर गेली. खर्च करण्यात अर्थ नाही, नवीन घ्या." आम्ही यंत्र परत आणले. आईने ते पुसून मूळच्या खोक्यात घातले, खोके माळ्यावर ठेवले आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा जुना फिल्टर काढला. पुढे एकदा शेजारच्या काकूंशी बोलताना तिचे शब्द माझ्या कानी पडले: "लेकीनं पहिल्या पगारातून आणलेलं हो, माझ्या हातून मोडलं." ती स्वतः चहा पिते. कॉफीचा घोटही घेत नाही.

त्या रात्री मी खोके खाली काढले. खोक्यात माहितीपुस्तिका होती, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद. ती इंग्रजीत होती. घरात इंग्रजी वाचू शकणारी माणसे तीन: बाबा, ताई आणि इंग्रजी हा विषय घेऊन बी.ए. करणारा मी. यंत्र रोज हाताळणारे माणूस एक, आणि तिला इंग्रजी येत नाही. पुस्तिकेत सरळ लिहिले होते की पाण्यातील क्षार नळीत साचतात, ते ठराविक काळाने काढावेत, आणि पाणी दुष्फेन असल्यास अधिक वेळा काढावेत. आमच्याकडे बोअरवेलचे पाणी. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. शहाण्या तिघांपैकी एकानेही ते पान उघडले नव्हते.

आता यंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे. या प्रकारच्या साध्या यंत्रात मोटर नसतेच! टाकीच्या तळातून पाणी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेतून एका धातूच्या नळीत येते. नळीला चिकटून तापणारी कॉइल असते, आणि तीच वरची तबकडीही तापविते. नळीतले पाणी उकळू लागले की वाफेचे बुडबुडे पाण्याला ढकलतात; झडपेमुळे मागे जाता येत नाही म्हणून ते वर चढते आणि पुडीवर पडते. चहाचे आधण उतू जाते त्याच्याच नात्यातली ही युक्ती आहे. दुष्फेन पाणी तापले की त्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचे चुनखडीसारख्या कार्बोनेटात रूपांतर होते आणि ते नळीला आतून चिकटते. नळी अरुंद होते, उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही, यंत्र घरघरते आणि तापमान मर्यादेबाहेर गेले की थर्मोस्टॅट वीज तोडतो. आमच्या यंत्राची सारी लक्षणे हीच होती. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. माणूस असे पाणी पिऊन निभावतो, नळी निभावत नाही.

उपाय काय? वाण्याकडे मिळणारे लिंबूसत्त्व. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवून टाकीत ओतले, गाळणीत पूड न घालता निम्मे पाणी उतरू दिले, यंत्र बंद करून अर्धा तास तसेच ठेवले आणि मग उरलेले उतरविले. भांड्यात गढूळ पाणी आणि पांढरे कपचे आले. हाच प्रयोग पुन्हा केला, नंतर तीन वेळा साधे पाणी काढले. सहा कप पाणी दहा मिनिटांत उतरले. यंत्र मोडलेच नव्हते. खर्च वीस रुपयांच्या आत.

मग मला इतर तक्रारींचाही छडा लावण्याची हौस आली. कॉफी उतू का जात होती? बाबांची पूड बेळगावच्या सवयीची, बारीक दळलेली आणि चिकोरी मिसळलेली. स्टीलच्या फिल्टरला ती उत्तम. कागदी गाळणीत मात्र बारीक पूड छिद्रे बुजविते आणि चिकोरी पाणी धरून ठेवते. वरून पाणी येतच राहते आणि लोंढा ओट्यावर. उतू जाण्याची आणखी दोन कारणे असतात. गाळणीचा कागद दुमडून आत पडतो, किंवा काचेच्या भांड्याचे झाकण नीट बसलेले नसते. टोपलीच्या बुडाशी थेंब अडविणारी झडप असते. झाकणाने ती वर ढकलली तरच कॉफी खाली उतरते. कॉफी पांचट का? एक लिटर पाण्याला साधारण ५५ ते ६० ग्रॅम पूड लागते. आईला ती कमी करायला लावणारे आम्हीच. कडू का? गरम तबकडीवर तासभर ठेवली म्हणून, किंवा टोपली नुसती विसळली जाते व कॉफीचे तेल तिला चिकटून खवट होते म्हणून; साबणाने घासली की वास जातो. निवत का होती? नळीतला थर. पुडीवर पडणारे पाणी ९२ ते ९६ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे लागते. या यादीत एकही दोष असा नाही की ज्याला 'आईचा हात' हे कारण द्यावे.

सगळीच यंत्रे लिंबूसत्त्वाने उठतात असे नाही. आमच्या आळीतील एका घरी मुलाने अमेरिकेहून असेच यंत्र आणले. पिनांचा जोड बसवून ते आपल्या विजेवर लावले आणि क्षणात ते गार पडले. घरच्यांनी निकाल दिला, "हल्लीचा मालच तकलादू." यंत्र १२० व्होल्टचे, आपली वीज २३० व्होल्टची. कॉइलमध्ये उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात निर्माण होते, म्हणजे साडेतीन पटींहून अधिक. आतला औष्णिक फ्यूज वितळला आणि त्याने कदाचित घराला आग लागण्यापासून वाचविले. असा फ्यूज एकदाच कामाचा. तो जाणकाराकडून तसाच बदलून घ्यावा, नुसती तार जोडून 'जुगाड' कदापि करू नये. यंत्र खालून उघडण्याचे काम आपले नव्हे, हेही इथे सांगून ठेवतो. पाहणे, वाचणे, स्वच्छ करणे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा पाहणे, एवढे आपले. बाबांनी पूड बदलली, त्याच दिवशी पाणी बदलले, कागदही बदलला; मग कशाने काय झाले हे ब्रह्मदेवालाही कळले नसते.

यातून माझे मत असे बनले आहे की दोष शोधणे आणि दोष देणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम सोपे असल्यामुळे आपण पहिले टाळतो. दोष द्यायला पुस्तिका वाचावी लागत नाही, वाकून पाहावे लागत नाही. शिवाय तो बहुधा अशा माणसावर ठेवला जातो जे उलट बोलणार नाही. ज्या बाईने वीस वर्षे एक फिल्टर ज्योतीवर धरून आणि टिचक्या मारून चालता ठेवला, ती विजेची तार दिसताच अडाणी कशी ठरली? तिचे ज्ञान कमी झाले नव्हते. यंत्र तिच्याशी तिच्या भाषेत बोलत नव्हते, आणि ज्यांनी दुभाष्याचे काम करायचे ते पुस्तकात डोके घालून बसले होते.

कागदी गाळणीचा जन्म कसा झाला हे मला नंतर वाचनात आले. १९०८ साली जर्मनीत ड्रेस्डेन येथे मेलिटा बेंट्झ नावाची एक गृहिणी कॉफीतल्या गाळाला कंटाळली होती. तिने पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोके पाडली, मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद त्यावर घातला आणि त्याच वर्षी या कल्पनेचे हक्क नोंदवून घेतले. ज्या यंत्रापुढे आम्ही आईला अडाणी ठरविले, त्याचा मुख्य भाग एका गृहिणीने स्वयंपाकघरात शोधून काढलेला आहे!

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. पाऊल स्वागतार्ह आहे. वस्तू न उघडताच 'नवीन घ्या' म्हणणाऱ्याला जाब विचारण्याचे बळ ग्राहकाला मिळाले पाहिजे. पण हक्क वापरायचा तर आधी वस्तू समजली पाहिजे, आणि ती समजायला भाषा लागते. म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या मराठी आणि इंग्रजी विभागांनी मिळून दरवर्षी पाच घरगुती यंत्रांच्या माहितीपुस्तिका सोप्या मराठीत आणाव्यात. प्रेशर कुकर, मिक्सर, पाण्याचे शुद्धीकरण यंत्र, काहीही घ्यावे. भाषांतराचा पेपर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना याहून चांगला सराव नाही. 'डिस्केलिंग'ला मराठीत काय म्हणावे यावर प्राध्यापक मंडळींनी खुशाल वाद घालावा. आई त्याला 'यंत्राची आंघोळ' म्हणते आणि आमच्या घरी तोच शब्द रूढ झाला आहे.

ही आंघोळ दर दोन महिन्यांनी असते. आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला गोल करून ठेवते. जाड दळलेली, बिनचिकोरीची पूड ती स्वतः निवडून आणते. शेजारच्या काकूंची इलेक्ट्रिक किटली मंदावली तेव्हा त्या आमच्या आईकडेच आल्या, माझ्याकडे नव्हे.

बाबा रोज दोन कप कॉफी पितात. यंत्र कसे सुरू झाले याविषयी ते काही बोलले नाहीत. माझ्या तोंडूनही जे शब्द निघायला हवे होते ते निघाले नाहीत. लिंबूसत्त्व आणून देणे त्या मानाने सोपे होते. हा अंक हाती आला की मी तो घरी नेणार आहे आणि हे पान आईला वाचून दाखविणार आहे. ते मराठीत आहे, त्यामुळे ती स्वतःही वाचू शकेल. पण या खेपेला मीच वाचून दाखवावे असे वाटते.

(तृतीय वर्ष कला)