फळाची प्रत कोणी ठरवायची?

विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदी रस्त्याने जाणाऱ्यास हातगाडीवर डाळिंबांचे दोन-तीन ढीग मांडलेले दिसतात. टपोरी, लालभडक फळे एका ढिगात. डागाळलेली, आकाराने कमी भरणारी दुसऱ्यात, स्वस्त. ही निवड गाडीवाला डोळ्यांनी करतो आणि गिऱ्हाईक ती हाताने तपासून पाहते. पटले नाही तर फळ परत ठेवते, घासाघीस करते. प्रत ठरते ती दोन माणसांच्या समोरासमोर.

हा निवाडा आता संगणकाकडे जाऊ लागला आहे. प्रतवारीच्या नव्या यंत्रांत फळ सरकत्या पट्ट्यावरून गोल फिरत कॅमेऱ्याखाली येते. क्षणार्धात त्याची अनेक छायाचित्रे निघतात, रंग, व्यास आणि सालीवरील डागांचे क्षेत्रफळ मोजले जाते आणि फळ ठरलेल्या कप्प्यात ढकलले जाते. अलीकडच्या यंत्रांना तर हजारो फळांची चित्रे दाखवून ‘हे चांगले, हे खराब’ असे शिकविले जाते. चित्रांखालील ही अक्षरे मुळात माणसांनीच लिहिलेली असतात, याचा मात्र यंत्राच्या निःपक्षपातीपणाची ग्वाही देणाऱ्यांना सोयीस्कर विसर पडतो.

यंत्राला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. बाजार समित्यांत रुमालाखाली बोटे दाबून होणारे सौदे ज्यांनी पाहिले, ते माणसाच्या नजरेचे गोडवे गाणार नाहीत. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ई-नाम योजनेचा सारा डोलारा तर प्रतीच्या तपासणीवरच उभा आहे. दूर गावचा खरेदीदार माल न पाहता बोली लावणार, तर त्याला प्रतीचा भरवसा हवाच. शिवाय दिवसभर उभ्याने फळे निवडणाऱ्या बाईचे डोळे संध्याकाळी थकतात, यंत्राचे थकत नाहीत.

परंतु साधा कॅमेरा पाहतो ती साल. तेल्या रोगाचा ठिपका सालीवर असला आणि आतले दाणे निर्दोष असले तरी फळ खालच्या प्रतीत जाते. उलट आतून दाणे काळे पडलेले फळ वरून देखणे असेल तर निर्धास्त पुढे सरकते. हापूसमधील साक्याचेही तेच. १९३२ व १९३३ साली युरोपला पाठविलेल्या आंब्यांवरील अहवालात चीमा आणि दाणी यांनी १९३४ मध्ये हा दोष नोंदविला. तो आंबा कापल्यावाचून डोळ्याला दिसत नाही. क्ष-किरणांनी तो हुडकण्याचे प्रयोग झाले आहेत, पण ते काम निराळ्या आणि महागड्या यंत्रांचे.

खरा प्रश्न मात्र नजरेचा नाही, सत्तेचा आहे. व्यापाऱ्याच्या वजनकाट्याची सरकार पडताळणी करते आणि त्यावर शिक्का मारते. २००९ चा वैध मापन कायदा वजन, माप आणि संख्या यांच्यापुरता आहे. प्रत त्याच्या कक्षेत नाही. किलोमागे दहा ग्रॅम मारणारा गुन्हेगार ठरतो, आणि डागाची मर्यादा किंचित खाली आणून अर्धी गाडी दुसऱ्या प्रतीत ढकलणारा मात्र ‘दर्जाबाबत काटेकोर’ म्हणवून घेतो! ही मर्यादा म्हणजे यंत्रातला एक आकडा. भाव चढे असताना तो सैल आणि माल मुबलक असताना कडक केला, तर शेतकऱ्याला कळण्याचा मार्ग कोणता? २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशावरून युरोपने द्राक्षे नाकारली, तेव्हा रासायनिक मर्यादा होती परदेशातली आणि तोटा आला तो इथल्या बागायतदारांच्या पदरात. निदान ती मर्यादा कागदावर तरी होती.

निवडणीचे काम करणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख या चर्चेत क्वचितच होतो. त्या हंगामी, रोजंदारीवरच्या. कोणता डाग वरवरचा आणि कोणता आत मुरलेला, हे ज्ञान त्यांच्या बोटांत आहे. यंत्र शिकते ते अशाच जाणत्या नजरेच्या निवाड्यावर. शिकवून झाल्यावर त्यांना घरी पाठवायचे, हा कुठला न्याय? हमालांच्या पाठीशी १९६९ चा माथाडी कायदा उभा राहिला तो संघटनेच्या बळावर. पुण्यात हमाल पंचायत आणि बाबा आढाव यांनी दिलेले लढे कार्यकर्त्यांना ठाऊक आहेत. पॅकहाऊसमधील स्त्रियांची तशी संघटना बांधावी लागेल, आणि यंत्र चालविण्याच्या प्रशिक्षणावर पहिला हक्क त्यांचाच, ही तिची पहिली मागणी असावी.

शेतकऱ्यांची मागणी याहून अवघड नाही. प्रतीच्या मर्यादा माल येण्यापूर्वी फलकावर लागाव्यात. नाकारलेल्या फळांची छायाचित्रे पावतीसोबत मिळावीत. यंत्र ती काढतेच, त्याला वेगळा खर्च पडत नाही. वाद झाल्यास उत्पादकांचा प्रतिनिधी असलेल्या समितीपुढे फेरतपासणी व्हावी आणि नाकारलेला माल परत नेण्याची मुभा असावी, कारण हेच नाकारलेले डाळिंब उद्या हातगाडीवर पैसे देऊन विकले जाते. जेथे उत्पादकांच्या सहकारी संस्थेला शक्य असेल तेथे यंत्रच तिच्या मालकीचे असावे. मृग बहराची डाळिंबे उतरण्यास लागण्यापूर्वी, खरेदीचे करार होत असतानाच या अटी त्यांत लिहून घेतल्या पाहिजेत. माल पट्ट्यावर चढल्यानंतर बोलून उपयोग नाही.