टर्बोच्या अलीकडे की पलीकडे?

ईजीटी, म्हणजे एक्झॉस्ट वायूचे तापमान दाखवणारा मीटर बसवून घ्यायला गिऱ्हाईक गॅरेजात आले की बोलणे बहुधा कंपनीवरून सुरू होते, मग डायलच्या रंगावर येते आणि भावावर संपते. प्रोब कुठे लावायचा हा विषय निघालाच तर सगळ्यात शेवटी, आणि तोही ‘हात पोचेल तिथे’ एवढ्यावर मिटतो. कामाचा सगळा अर्थ मात्र त्याच एका निर्णयात आहे. एकच इंजिन, एकच घाट, एकच क्षण. तरी टर्बोच्या अलीकडे ६८० अंश सेल्सिअस दाखवणारा आकडा पलीकडे ५०० च्या घरात असू शकतो. ताप किती म्हटल्यावर डॉक्टर काखेतला की तोंडातला हे विचारतो, तसे इथेही विचारायला हवे. टर्बाइन वायूतली उष्णता आणि दाब वापरूनच फिरते, त्यामुळे पलीकडचा वायू थंड असणारच. पण किती थंड, हे लोडप्रमाणे बदलते. ‘पलीकडच्या आकड्यात दीडशे मिळवायचे’ हा गॅरेजांमधला ठोकताळा सपाट रस्त्यावर एक उत्तर देतो आणि बोरघाटात दुसरे.

ही नळीतली उष्णता मोजायची तरी कशाला? डिझेल इंजिनात हवा कमी-जास्त करून ताकद ठरत नाही. हवा मिळेल तेवढी आत जाते आणि ताकद ठरते ती फवारलेल्या डिझेलवर. तेवढ्याच हवेत डिझेल वाढवले की एक्झॉस्ट तापतो. कार्बोरेटरच्या गाड्यांवर हात बसलेल्या फिटरला हे उलटे वाटते, कारण मिक्श्चर पातळ झाले की इंजिन तापते, हे त्याने पेट्रोलवर शिकलेले असते. पेट्रोलच्या पिस्टन विमानांत वैमानिक ईजीटी बघून मिक्श्चर पातळ करतात, तेही त्याच तत्त्वावर. डिझेलला ते लावले की निदान चुकते.

पाण्याचा काटा इथे फारसा उपयोगी नाही. अनेक गाड्यांत तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो, इंजिन चांगले गरम-थंड होत असले तरी मधोमध उभा. एक्झॉस्टचे तापमान दोन-चार सेकंदांत शे-दोनशे अंशांनी चढते आणि पाण्याला त्याची खबर मिनिटांनी लागते. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. पिस्टनचा सिलिकॉनमिश्रित धातू त्याच्याही आधी मऊ पडू लागतो. तरीही पिस्टन टिकतो, कारण प्रत्येक स्ट्रोकमधला भडका क्षणाचा असतो आणि बऱ्याच इंजिनांत खालून तेलाची धार त्याला थंड ठेवते. लांब चढावर टर्बोच्या अलीकडे ७०० ते ७५० च्या वर सतत राहू नये, हा या व्यवसायातला रूढ नियम त्यातूनच आला. नव्या कॉमन-रेल इंजिनांना कंपन्या ८०० च्याही पुढे जाऊ देतात, जुन्या इनडायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांना तेवढी मोकळीक नाही. म्हणून सर्व गाड्यांना चालेल अशी एकच लाल रेघ डायलवर मारून देणे म्हणजे गिऱ्हाइकाला खोटा धीर देणे.

या मीटरचा खरा उपयोग रेसवाल्यांपेक्षा रोजच्या गॅरेजला जास्त आहे. ‘गाडी ओढत नाही’ आणि ‘धूर काळा येतो’ या दोन तक्रारी घेऊन स्कॉर्पिओ येते, सफारी येते, १.३ मल्टिजेटची स्विफ्ट येते. इंटरकूलरची नळी क्लॅम्पपाशी फाटलेली असेल तर टर्बोने दाबलेली हवा बाहेर निसटते. हवा मोजणारा सेन्सर मात्र टर्बोच्या आधी बसलेला, त्यामुळे ईसीयूला वाटते की हवा सगळी सिलिंडरमध्ये गेली. तो त्या हिशेबाने डिझेल देत राहतो. नेहमीच्या चढावर नेहमीच्या गियरमध्ये काटा वर सरकला तर बॉनेट उघडण्याआधीच शोध कुठून सुरू करायचा ते कळते. चोंदलेला एअर फिल्टरही असाच पकडीत येतो.

एक सावधगिरी मात्र हवी. इंजेक्शनचे टायमिंग पुढे घेतले की ईजीटी उतरतो, पण सिलिंडरमधला दाब वाढतो. रिमॅप करणारा ‘बघा, काटा किती खाली आला’ असे म्हणत असेल तर हेड गॅस्केट आणि बेअरिंगवर काय आले, ते त्या काट्यावर दिसत नाही.

आता ड्रिल. मॅनिफोल्ड गाडीवरच ठेवून भोक पाडायचा मोह मोठा असतो. ड्रिलला ग्रीस लावायचे, चूर त्याला चिकटते, उरलेली चुंबकाने काढायची, आणि काम तासाभरात संपते. बहुतेक वेळा काही होतही नाही. पण आत राहिलेली ओतीव लोखंडाची एक कपची मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांवर गेली, तर वाचलेल्या मजुरीच्या कित्येक पट टर्बोत जाते. या मासिकाचे मत स्पष्ट आहे: मॅनिफोल्ड उतरवावा. गंजलेला स्टड तुटेल, नवे गॅस्केट लागेल, अर्धा दिवस जाईल. हे सगळे गिऱ्हाइकाला आधी सांगून बिलात धरावे.

जागा अशी निवडावी की सगळ्या सिलिंडरचा वायू तिथे एकत्र आलेला असेल, म्हणजे टर्बाइनच्या फ्लँजच्या अगदी अलीकडे. एकाच पोर्टच्या नळीत प्रोब लावला तर तो एका सिलिंडरचा मीटर होतो. बाकीच्या तिघांपैकी एकाचा नोझल गळत असला तरी त्याला पत्ता नसतो. भिंत जाड असावी, जोड किंवा जुनी चीर जवळ नसावी. बहुतेक किटमध्ये एक-अष्टमांश इंची एनपीटी आट्यांचे फिटिंग येते. त्याला साधारण साडेआठ मिलिमीटरचे भोक लागते. हे आटे निमुळते असतात. टॅप शेवटपर्यंत घुसवला की भोक सैल होते आणि फिटिंग धरत नाही. थोडे आटे पाडायचे, फिटिंग लावून बघायचे, पुन्हा थोडे. आट्यांना निकेलची अँटी-सीझ पेस्ट लावावी. प्लंबरच्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे इथे काम नाही, ती २६० अंशांपुढे टिकत नाही. प्रोबचे टोक प्रवाहाच्या मध्याजवळ पोचले पाहिजे. भिंतीलगत राहिले तर ते वायूऐवजी लोखंडाचे तापमान सांगते.

सगळ्यात जास्त घोळ वायरिंगमध्ये होतो, आणि तो दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षे तसाच राहतो. या प्रोबमध्ये बहुधा के-टाइप थर्मोकपल असते: क्रोमेल आणि ॲल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या. तिथून मिळणारी वीज अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे ७०० अंशांना जेमतेम २९ मिलिव्होल्ट. मीटरपर्यंतची वायरही त्याच धातूंची लागते. वायर कमी पडली म्हणून बॉनेटखाली साधी तांब्याची वायर जोडली, तर तो जोडच नवा संदर्भबिंदू होतो. जोडापाशी ९० अंश आणि मीटरपाशी ३५ असतील तर काटा ५५ अंशांनी कमी दाखवतो. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला.

रंगांचा सापळा तर त्याहून वाईट. अमेरिकी पद्धतीच्या के-टाइप वायरीत पिवळी धन आणि लाल ऋण असते. आयुष्यभर लाल म्हणजे प्लस मानलेला इलेक्ट्रिशियन ती उलटी जोडतो. एकाच ठिकाणी उलटली तर निदान इंजिन तापल्यावर काटा भलतीकडे जातो आणि चूक कळते. जोडापाशीही उलटी आणि मीटरपाशीही उलटी झाली तर काटा शहाण्यासारखा वर चढतो, फक्त वरच्या उदाहरणातली चूक दुप्पट होते: ११० अंश कमी. आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण असते. रंग उडालेले असतील तर चुंबक लावावा. जी तार चिकटते ती ॲल्युमेल, म्हणजे ऋण.

डिजिटल मीटर असेल तर प्रोब बसवण्याआधी उकळत्या पाण्यात धरून बघावा. मुंबईत १०० दिसायला हवेत, पुण्यात ९८ च्या आसपास, आणि महाबळेश्वरात ९५ दिसले तर मीटर परत करायची घाई करू नये.

मॅनिफोल्ड उतरवणे परवडत नसेल तर टर्बोच्या पलीकडे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, प्रोब लावायला हरकत नाही. चूर टर्बाइनमध्ये जायची भीती नाही आणि प्रोबचे टोक तुटले तरी टर्बो वाचतो. कन्व्हर्टरनंतर मात्र लावू नये, तिथे रासायनिक क्रियेची उष्णता आकड्यात मिसळते. पलीकडे लावला आहे, हे डायलशेजारी लिहावे. लेबल कसेही असो, पुढच्या गॅरेजला ते वाचता आले पाहिजे.

जॉब कार्डवर आणखी चार नोंदी हव्यात: गरम इंजिन आयडलवर असतानाचा आकडा, सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरचा, ओळखीच्या एका चढावर तिसऱ्या गियरचा, आणि त्या दिवशी एसी चालू होता की बंद. या नोंदींशिवाय दिलेला मीटर महिन्याभरात डॅशबोर्डवरच्या गणपतीशेजारची निळी शोभा होतो. गणपतीकडे निदान सकाळी कोणी बघते.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलवर ड्रिल उचलण्याआधी स्कॅनर लावावा. या गाड्यांत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, सांभाळण्यासाठी कंपनीनेच एक्झॉस्ट तापमानाचे सेन्सर बसवलेले असतात, बऱ्याचदा एकाहून जास्त. ओबीडीच्या प्रमाणित यादीत त्यांच्यासाठी ७८ आणि ७९ हे कोड आहेत. काही गाड्या ते साध्या रीडरला देतात, काहींना कंपनीचा स्कॅनर लागतो. आकडा असा फुकट मिळत असेल तर वॉरंटीतल्या मॅनिफोल्डला भोक पाडण्यात शहाणपण नाही. अशा गिऱ्हाइकाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी: सपाट रस्त्यावर, पाय हलका असताना, डीपीएफजवळचा आकडा अचानक ६०० च्या घरात गेला तर ते बहुधा रिजनरेशन, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळणे, असते. गाडी बंद करून फोन करू नये. वाटेत दुसरा कुठला दिवा लागला नसेल तर आणखी दहा-पंधरा मिनिटे त्याच वेगाने चालवत राहावी.