धूळ रस्त्यावरची, सूज श्वासनलिकेतली

शीळफाट्याच्या चौकात बसची वाट पाहत उभे राहिले, की हात आपोआप रुमालाकडे जातो. कल्याण, मुंब्रा, महापे, पनवेल अशा चारी दिशांचे रस्ते इथे मिळतात आणि न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर दिवसरात्र घरघरत असतात. माझा भाचा याच चौकातून रोज कॉलेजला जातो. त्याला लहानपणापासून दमा. "आता बरं वाटतंय ना, मग पंप कशाला? सवय लागेल," असे म्हणत ताईने त्याचा पंप कपाटात ठेवून दिला. दोन महिन्यांनी, ऐन मध्यरात्री, त्याला रिक्षात घालून आम्ही दवाखाना शोधत होतो.

ताईचे चुकले कुठे? दमा म्हणजे फक्त दम लागणे, ही आपल्या घराघरांतली समजूत. प्रत्यक्षात दमा म्हणजे श्वासनलिकांची रेंगाळणारी सूज, आणि तिच्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा मोठा हात असतो. यांतल्या इओसिनोफिल पेशींचे वर्णन पॉल एर्लिक यांनी १८७९ मध्ये केले. या पेशींत पेरॉक्सिडेजसारखी विकरे, म्हणजे एन्झाइम, भरलेली असतात. जंतांशी लढण्यासाठीचा हा दारूगोळा अनेक दमेकऱ्यांत स्वतःच्याच श्वासनलिकांच्या अस्तरावर फुटतो. पांढऱ्या पेशींतलेच आणखी एक विकर, ५-लायपॉक्सिजनेज, ल्युकोट्राइन नावाची द्रव्ये घडवते. ती नळ्या आवळतात आणि चिकट स्राव वाढवतात.

तत्काळ आराम देणारा पंप या नळ्या तेवढ्यापुरत्या सैल करतो. सूज तशीच राहते. ती उतरवतो स्टेरॉइडचा पंप. औषध थेट फुप्फुसात जात असल्याने मात्रा मायक्रोग्रॅममध्ये पुरते. त्याचे व्यसन लागत नाही. म्हणूनच केवळ आराम देणाऱ्या पंपावर विसंबू नका, असे २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक तत्त्वेही बजावतात. बरे वाटते ते औषधामुळे. डॉक्टरांना न विचारता ते थांबवणे म्हणजे पाऊस लागत नाही म्हणून भर पावसात छत्री मिटण्यासारखे.

पण सगळा भार ताईवरच का टाकावा? सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपल्याकडे ती ४० आहे, आठपट! भाचा आता रोज पंप घेतो, न चुकता. घराने आपले काम केले. उघड्यावर खडी-माती वाहणारे डंपर झाकणे, खोदलेला रस्ता वेळेत बुजवणे, हे काम मात्र कुठल्याही पंपाने होणार नाही.