मावशी, ओटीपी सांगा

सोयाबीनची सोंगणी आटोपली की आपल्या हिंगोली जिल्ह्यात दोन ठिकाणी गर्दी लोटते: एक मोंढा, दुसरं सेवा केंद्र. मोंढ्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. म्हणून यंदाच्या अंकाचा मुख्य विषय आम्ही दुसऱ्या गर्दीतून उचलला: आपली माहिती आणि तिची मालकी.

सेनगाव असो की कळमनुरी, केंद्रातला देखावा एकच. टेबलावर लॅपटॉप, शेजारी अंगठा घ्यायचं यंत्र, भिंतीला लागून झेरॉक्सचं मशीन. विळ्याने, मातीने, हळदीच्या कामाने बोटांच्या रेघा झिजलेल्या. पहिला ठसा उमटत नाही, दुसराही नाही. मग बोट पदराला पुसायचं, केसांवरून फिरवायचं, पुन्हा टेकवायचं. नाहीच जमलं तर, "मावशी, ओटीपी आला का? सांगा बरं." मावशी मोबाइलच पुढे करतात. स्क्रीनवर संमतीचा छोटा चौकोन असतो. त्यावर टिचकी मारतो केंद्रचालक. त्याला तरी काय बोलणार? रांग दाराबाहेर गेलेली आणि सर्व्हर कधी बसेल याचा नेम नाही.

खासगीपणाचा आपला सगळा कायदा या टिचकीवर उभा आहे.

आधारची सुरुवात महाराष्ट्रातच झाली, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी. आधारचा कायदा झाला २०१६ मध्ये. मधल्या काळात बोटं आणि बुबुळं गोळा होत राहिली ती नुसत्या सरकारी आदेशावर. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नव्हे, असा युक्तिवाद सरकारने तिथे केला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो हक्क मान्य केला. पुढच्या वर्षी आधार कायदा टिकला, पण कलम ५७ मधली खासगी कंपन्यांना दिलेली मोकळीक रद्द झाली. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आलेला भाविक लॉजवर अजूनही आधी झेरॉक्स काढून देतो, ते सोडा.

आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये. मुख्य कलमं लागू व्हायला त्यापुढे दीड वर्ष, म्हणजे मे २०२७ उजाडणार. कायद्यात घेण्यासारखं बरंच आहे. संमतीची विचारणा मराठीत मागता येते, दिलेली संमती परत घेता येते, माहिती सांभाळण्यात हयगय करणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड आहे. पण सातवं कलम वाचा. अनुदान, लाभ, दाखला, परवाना देण्यासाठी सरकारला बहुतेक वेळा नव्याने संमती मागावीच लागत नाही. आपल्याकडे माहिती जाते ती मुख्यतः याच वाटेने: शेतकरी ओळख क्रमांक, ई-पीक पाहणी, रेशनचा अंगठा. मराठीतली ती विचारणा मोबाइलवर खरेदी करणाऱ्याला मिळेल. अनुदानाच्या रांगेतल्या माणसाला मिळेलच असं नाही.

दीड वर्ष न थांबलेलं एक कलमही आहे. माहिती अधिकार कायद्यातली दुरुस्ती लगेच अमलात आली. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध असलेली वैयक्तिक माहिती मागता येई. आता 'वैयक्तिक' एवढा शिक्का अर्ज फेटाळायला पुरतो. सार्वजनिक हिताचं वेगळं कलम शिल्लक आहे, पण ते पटवून देण्याचं ओझं अर्जदारावर. रोहयोच्या मस्टरवरची खोटी नावं शोधणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी निघाली. बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं, लग्न झालेलं नसेल तर वडिलांचं आधार, आणि त्याच्याही मोबाइलवर ओटीपी. विधवा आणि घटस्फोटितांसाठी नंतर कागदपत्रांची वाट काढली गेली. पण नवऱ्याने टाकलेली, घटस्फोटाचा कागद हाती नसलेली बाई? जाच सोसून ज्याच्या घरातून निघाली, त्यालाच फोन लावून तिने ओटीपी मागायचा. खासगीपणा ही शहरी चैन आहे असं म्हणणाऱ्यांनी या फोनवरचं बोलणं मनाशी ऐकून पाहावं.

मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने होणाऱ्या आशा भोसले यांच्या आवाजाच्या नकलेला चाप लावला. उत्तम झालं. आमची मावशी कुठे दाद मागणार? कायद्याने माहिती संरक्षण मंडळ दिलं आहे, त्याचं कामकाज ऑनलाइन. म्हणजे तक्रार नोंदवायलाही त्याच सेवा केंद्रावर, त्याच रांगेत, पुन्हा ओटीपी सांगत. आणि तक्रार खोटी किंवा उगाचची ठरली तर तिलाच १० हजारांपर्यंत दंड. आमचं म्हणणं साधं आहे: तक्रारीची खिडकी तहसीलला असावी, ती कागदावर घ्यावी, आणि संमतीचा मजकूर टिचकीआधी मोठ्याने वाचून दाखवायची सक्ती प्रत्येक केंद्रावर व्हावी. वेळ लागेल. लागू दे.

जाता जाता अंकाबद्दल. लेखाखाली लेखकाचा मोबाइल नंबर छापायची आपल्या दिवाळी अंकांची जुनी चाल आहे. यंदा प्रत्येकाला आधी विचारलं. ज्यांनी होकार दिला त्यांचेच नंबर दिसतील. बाकीच्यांना पत्र लिहायचं असेल तर आमच्या पत्त्यावर पाठवा, आम्ही पोचतं करू.