एक टेबल, एक काम

"एवढंच टेबल? बाकीची अवजारं खाली खोक्यात?" परवा गराजमध्ये आलेल्या मित्राने नाक मुरडलं. त्याच्याकडे लांबलचक बाकावर सगळं कायमचं ठोकलेलं आहे आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

(नातेवाइकांसाठी खुलासा: इथे अमेरिकेत नेमबाज रिकामी पितळी काडतुसं स्वतःपुरती घरी पुन्हा भरतात. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार त्याला परवाना लागतो. आई, काळजी करू नकोस.)

माझ्या टेबलावर जागा एकच: एक लोखंडी प्लेट, चार बोल्ट. दारू मापायचं यंत्र काढल्याशिवाय गोळी बसवायचा प्रेस लागत नाही. यात वेळ जातो म्हणे. अहो, तोच तर हवाय! तेवढ्यात दारूचा डबा बंद होतो आणि ठोकळ्यात उभ्या केलेल्या प्रत्येक काडतुसात विजेरी मारून बघितलं जातं.

पूर्वी माझाही बाक भरलेला होता. एकीकडे दारू ओत, शेजारी गोळी बसव. मध्येच फोन आला, आणि परत येऊन एका पिस्तुलाच्या काडतुसात मी दुसऱ्यांदा दारू ओतली. झटकन जळणाऱ्या दारूचं माप इतकं कमी असतं की दुप्पटही आत सहज मावते. नशिबाने दिसलं. नाहीतर पिस्तूल हातातच फुटलं असतं.

तेव्हा टेबल भिंतीला पक्कं ठोका, अवजारं नकोत. भरलेला बाक फोटोत छान दिसतो, मान्य. पण मला माझी दहा बोटं जास्त छान दिसतात.

असो. पटत नसेल तर खाली भांडा!